कोरडं वजन

अंगठी निघेना. साबण लावून काढली.
घड्याळ, किल्ल्या, करगोट्यातली चांदीची पेटी,
सगळं कुमुदिनीबाईंच्या रुमालात.
"लोखंडाचं काही आहे अंगात? सळी, स्क्रू, पेसमेकर?"
रोजचा प्रश्न, विचारावाच लागतो.
"स्वभाव," बाई परस्पर सांगून टाकतात.

उजव्या हाताला हात लावायचा नाही, तो फिस्टुलाचा,
तिथं कातडीखाली रात्रंदिवस मोटार चालू असते.
डाव्या पंज्यावर एक पट्टी, मनगटावर एक,
डाव्या पावलावर एक, घोट्याशी एक.
मांडीला मांडी लागू नये म्हणून मध्ये चादरीची घडी.
"शॉक?"
"मुंगीसुद्धा येणार नाही."
"मग उताणं पाडून दहा मिनिटं थांबलात कशाला?"
"अंगातलं पाणी जागेवर बसू दे, काका."

हे मात्र रंगनाथ धायबरांना एकदम पटतं.
एकतीस वर्षं अजव्याच्या तलावावर पट्टी वाचली त्यांनी.
"वारा असला की लाट पट्टीवर चढते.
लाट बसल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.
मी इंचभर चुकलो असतो ना,
तर इकडं बडोद्यात मगरी जिन्यावर बसल्या असत्या."

बटण दाबते.

वीज आपल्यासारखीच, सोपी वाट बघते.
खारट पाण्यातून सुसाट सुटते,
चरबीपाशी कुरकुरते,
आणि जिवंत पेशीच्या भिंतीशी आली
की पापणी लवायच्याही आत कुठेतरी
जराशी टेकते.
त्या टेकण्याचा कोन निघतो, अंशांत.
धड माणसाच्या उंबऱ्यावर ती बरी टेकते.
धायबरांचा कोन तीन पूर्णांक आठ.
कुणी घरी नसल्यासारखी निघून गेली.

"एकसष्ट असेल," बाई म्हणतात.
"डेअरीच्या कॅलेंडरवर लिहिलंय, दिवाळीपासून एकसष्ट.
ग्रॅम हलू दिला नाही मी."

एकसष्टच आहे.
त्यात जादा पाणी तीन लिटर चारशे.
स्नायू दिवाळीपेक्षा तीन किलोंवर कमी.
काटा बेरीज सांगतो, बेरीज बरोबर आहे.
हे कसं सांगायचं याचे शब्द मी जुळवत असते,
तोवर पडद्याकडे मान वळवून ते स्वतःच वाचतात
आणि हसतात, कारकुनी हसू, दुसऱ्याची चूक सापडल्याचं.
"अजव्यात याच्या उलट, पोरी.
पाणी जातं, खालून गाळ येतो,
पट्टी तीच दाखवते, दोनशे बारा फूट.
साहेब खूश.
इथं मांस गेलं आणि पाणी भरलं.
पट्टी काय, वरचं वाचते बिचारी."

बाई कॅलेंडर आठवत असाव्यात.
कितीतरी वेळ त्या पदराचं टोक घडी करतात, उलगडतात.
"मग मी काय खायला घातलं इतके महिने?"

हेतल सिस्टर मशिनला नळ्या जोडत म्हणते,
"काका, रविवारनी सेव-उसळ? साचुं बोलो."
काका छताकडे बघतात.
"उसळ थोडी," ते म्हणतात. मग बऱ्याच वेळानं,
"रसा दोनदा."

डॉक्टर येतात, नवा आकडा लिहितात: साडेसत्तावन्न.
एकदम नाही, अर्धा अर्धा किलो.
अंड्याचं पांढरं वाढवा, मीठ तोडा, महिन्यानं परत पट्ट्या लावू.
याला आम्ही कोरडं वजन म्हणतो.
बाईंना तो शब्द आवडत नाही.
"कोरडं काय," त्या पुटपुटतात, "माणूस आहे."

चार तास.
दांडिया बाजारात दुकानांचे दिवे लागतात,
मशिनच्या पोटात अडीच लिटर जमा होतं,
आणि धायबर झोपेत एकदा कुणाला तरी फोनवर सांगतात,
"पडतंय अजून, पण वाढ नाही."

निघताना रुमालाची गाठ सुटते.
साबणानं निघालेली ती अंगठी
आता आपोआप बोटात जाते, गरकन फिरते,
खाली पडता पडता बाई झेलतात.
ब्लाउजच्या शिवणीतून एक दोरा ओढतात, दातानं तोडतात,
अंगठीच्या खालच्या बाजूला गुंडाळत जातात.
ओठ हलतात. मोजतायत.

"किती झाले?" ते विचारतात.
"अकरा."
"लिहून ठेव."